आजोबांचा फोनो आणि १७६ तबकड्या: फ्लॅटमध्ये कशा मांडाव्यात? वाजवाव्यात की नाही?

रामबागवाले
नमस्कार मंडळी. इंदूरच्या रामबागेतला आमचा वाडा आता पाडायला जाणार. माळा रिकामा करताना आजोबांचा फोनो, म्हणजे चावीचा जुना ग्रामोफोन, निघाला. काळ्या रेक्झिनची पेटी, झाकणाच्या आत कुत्र्याचं चित्र, हँडल आतच खोचलेलं. सोबत दोन लाकडी खोक्यांत तबकड्या. काल रात्री बसून मोजल्या, १७६ भरल्या. सात फुटलेल्या आहेत, बाकी धड दिसतात. नाट्यगीतं आहेत, अब्दुल करीम खाँ, फैयाज खाँ, हिराबाई बडोदेकर, थोडी हिंदी सिनेमाची गाणी, आणि काहींची लेबलं वाचताच येत नाहीत.

अडचण जागेची आहे. टिळक नगरला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. हिची इच्छा अशी की सोफ्यामागच्या भिंतीवर बारा तबकड्या लावाव्यात, छान दिसतील. मेहुणे म्हणतात, मोठा पितळी कर्णा आणून बसवा, त्याशिवाय फोनोला शोभा नाही. मूळ कर्णा माळ्यावर कुठेच सापडला नाही, बहुतेक कुणीतरी मोडीत दिला असावा. आई म्हणते, एवढा पसारा हवाय कशाला?

माझा प्रश्न साधा आहे. हे सगळं घरात कसं ठेवावं म्हणजे दिसेलही आणि टिकेलही? आणि वाजवावं का? आजी ८८ वर्षांची आहे, आमच्याकडेच असते. पेटी बघून ती एवढंच म्हणाली, "पिनांची डबी कुठाय?"

पिन_बदला
रामबागवाले, सर्वात आधी मेहुण्यांना थांबवा. तुमचा कर्णा हरवलेला नाही, कारण तो बाहेर कधी नव्हताच. तुम्ही सांगताय ते एचएमव्हीचं पोर्टेबल आहे, बहुधा १०२ जातीचं. हे यंत्र १९३१ पासून निघालं. त्याचा कर्णा पेटीच्या पोटात दुमडलेला असतो. तबकडी ज्या फळीवर फिरते तिच्याखालून आवाज वळत मागे जातो, तिथून बाहेर पडतो आणि उघड्या झाकणावर आपटून समोर येतो. म्हणून वाजवताना झाकण पूर्ण उघडं लागतं. यावर पितळी कर्णा बसवायचा तर कुणीतरी आवाज नेणारी नळी, म्हणजे आर्म, कापणार, आणि चांगलं यंत्र कायमचं बिघडणार.

दुसरं, आज लगेच चावी भरू नका. साठ-सत्तर वर्षांत स्प्रिंगच्या डब्यातलं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं. भरलेली स्प्रिंग उलगडताना मधेच अडकते, मग ठक्क करून सुटते, आणि कधी तुटतेही. स्प्रिंगचा डबा स्वतः उघडू नका. आतलं पोलादी पट्टं हात कापून बाहेर येतं. हे जाणकाराचं काम आहे. गव्हर्नर मात्र तुम्हाला बघता येईल: तीन छोटी वजनं पातळ पट्ट्यांवर बसवलेली असतात, फिरताना बाहेर फाकतात आणि एक छोटी धातूची चकती नमद्यावर टेकवून वेग आवरतात. तिथे शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरतात. खोबरेल घालू नका, ते गोंदासारखं चिकटतं.

साउंडबॉक्सच्या, म्हणजे पिन धरून आवाज काढणाऱ्या डबीच्या, रबरी गास्केटही दगड झालेल्या असतील. त्या बदलल्याशिवाय आवाज चिरका येईल आणि पिन तबकडी खरवडेल. आधी यंत्र, मग तबकडी, हा क्रम ठेवा.

लष्करकर
ग्वाल्हेरहून लिहितोय. पितळी कर्ण्याचा विषय निघालाच आहे तर माझा अनुभव सांगतो, कुणाचे तरी पैसे वाचतील.

चार वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका दुकानातून मी मोठा कर्णा असलेलं यंत्र घेतलं. "राजघराण्यातलं आहे" असं सांगितलं गेलं. ग्वाल्हेरला राजघराणं म्हटलं की माणूस विरघळतोच, मीही विरघळलो. महाराज बाड्याचा चौक ओलांडून लष्कर भागातल्या घरी आणलं, सगळ्या गल्लीला दाखवलं. मग वडिलांचे एक स्नेही आले, ज्यांच्या घरी खरा कर्णेवाला फोनो होता. त्यांनी पाच मिनिटांत दाखवून दिलं. पेटी अष्टकोनी, लाकूड नवं आणि वरून गडद रंग दिलेला. कर्णा झगझगीत पितळी, पण जोड जाड आणि डाग दिलेले स्पष्ट दिसणारे. कर्णा पेटीला जोडणारं कोपर नीट बसतच नव्हतं, बोटभर हलत होतं. कुत्र्याचं चित्र पुसट छापलेलं. आतलं मोटर मात्र खरं होतं, एखाद्या मोडलेल्या पोर्टेबलमधून काढलेलं.

म्हणजे माझं "राजघराणं" उभं करायला तुमच्यासारखं कुणाच्या तरी आजोबांचं पोर्टेबल मारलं गेलं होतं. हे कळल्यावर पैशांपेक्षा त्याचं वाईट जास्त वाटलं. जुने कर्णे बहुतेक पत्र्याचे आणि रंगवलेले, पाकळ्यांचे असायचे. लाकडी असायचे. पितळी होते, पण पातळ, आणि त्यावर इतकं तेज नसायचं. तुमच्याकडे खरं यंत्र आहे, त्याला तसंच राहू द्या.

सुखलियाची_सून
सगळं पटलं. पण थोडं मेहुण्यांच्या बाजूनेही बोलते. प्रत्येकाला संग्रहालय उभारायचं नसतं. आमच्या दिवाणखान्यात असाच नवा कर्णेवाला आहे, माहीत असून घेतलेला, स्वस्तात. मुलं विचारतात, पाहुणे विचारतात, त्यावरून बोलणं निघतं. नवा म्हणून विकत घेतला तर त्यात फसवणूक कसली? फक्त जुन्याची मोडतोड करून नवा करू नये, एवढं मान्य.

लष्करकर
ताई, नवा म्हणून विकला तर माझी काहीच तक्रार नाही. अडचण एवढीच की त्यात जुन्याचं काळीज घातलेलं असतं.

मालवी_गराडू
भिया लोक, मुख्य सूचना राहिली. पोहे-जिलबी खाऊन हात धुतल्याशिवाय तबकडीला हात लावायचा नाही. इंदुरात हे लिहून लावावं लागतं. शेवेचा तुकडा खाचेत गेला तर फैयाज खाँ साहेबांनाही आवरता येणार नाही.

कमाटीबाग
फैयाज खाँ साहेबांचं नाव निघालं म्हणून बडोद्याहून हजर. आमच्या गावाचे दरबारी गायक, १९५० मध्ये बडोद्यातच गेले. माझ्या सासऱ्यांकडे त्यांच्या तबकड्यांचा छान साठा होता. होता म्हणते, कारण २०१९ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाणी आलं आणि खालच्या फळीवरच्या साठेक तबकड्या दीड दिवस चिखलात राहिल्या.

त्यातून जे शिकले ते सांगते. तबकडी पाण्याला घाबरत नाही. लाखेची वस्तू आहे, धुतल्यावर बहुतेक तशाच निघाल्या. गेले ते कागद: पाकिटं लगदा झाली, लेबलं सुटून वाहून गेली. नंतर हातात साठ काळ्या चकत्या आणि कुणाची कुठली ते कळेना. तेव्हा समजलं की लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीत मॅट्रिक्स क्रमांक ठसवलेला असतो, तो कागदावर नसून तबकडीतच असतो. त्यावरून निम्म्या ओळखल्या. काहींनी स्वतःच ओळख दिली. फार जुन्या तबकड्यांत गाणं संपताना गायिका आपलं नाव सांगते. त्या काळच्या गाजलेल्या गायिका गौहरजान यांचं इंग्रजीतलं नाव सांगणं तर प्रसिद्धच आहे. तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या, तिथल्या लोकांना कोणतं गाणं कुणाचं हे कळावं म्हणून ही सोय. ती सोय शंभर वर्षांनी बडोद्यात माझ्या अंगणात कामी आली.

रामबागवाले, तुमच्या न वाचता येणाऱ्या लेबलांसाठी हेच करा. तिरप्या उजेडात भिंग घेऊन क्रमांक उतरवा. आणि जमिनीपासून किमान दीड फूट वर ठेवा. इंदूरला पूर येत नसेल, पण फरशी पुसणारी बादली सगळीकडे असते.

अनघा_वैशालीनगर
बारा तबकड्या भिंतीवर लावायला काय हरकत आहे? १७६ आहेत. १६४ उरतातच की.

पिन_बदला
हरकत आहे. लाखेची तबकडी उन्हात वाकते. सोफ्यामागची भिंत बहुधा खिडकीसमोर असते. मेमध्ये इंदूरचा पारा बेचाळीसवर जातो, त्या उन्हात एक दुपार पुरते. आणि खिळ्यावर टांगायची म्हणजे मधल्या छिद्रावर सगळं वजन.

अनघा_वैशालीनगर
मग फुटलेल्या सात लावा. त्या नाहीतरी वाजणार नाहीत.

पिन_बदला
हे उत्तम. पूर्ण सहमत. फक्त त्यातली एखादी केसाएवढ्या चिरेची असेल तर आधी मला विचारा. अशा वाजतात, दर फेऱ्याला टक् होतं एवढंच.

कमाटीबाग
आणि कृपा करून कुणी तबकडी तापवून तिचा वाडगा करू नका. एका प्रदर्शनात तसे वाडगे विकायला ठेवलेले पाहिले, एकावर लेबल दिसत होतं, शास्त्रीय गाण्याची होती. मी तिथून निघून आले.

देवासरोड
वाजवण्याबद्दल माझं मत कडक आहे. वाजवू नका. लाखेच्या तबकडीत दगडाची भुकटी मिसळलेली असते, पोलादी पिन तिच्यावर घासते आणि साउंडबॉक्सचं वजन शंभर ग्रॅमच्या वर. प्रत्येक वाजवण्याने थोडं गाणं झिजतं. ज्या तबकड्या आता पुन्हा छापल्या जाणार नाहीत त्यांना हौसेसाठी झिजवणं मला पटत नाही. विजेच्या टर्नटेबलवर ७८ साठीच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या या तबकड्यांसाठीच्या, जाड सुईने एकदा नीट उतरवून घ्या, संगणकावर ऐका, आणि मूळ तबकडी झाकून ठेवा. एल.पी.ची, म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या तबकडीची, सुई चालत नाही बरं का. ती बारीक असते, ७८ च्या रुंद खाचेच्या तळाशी पडते आणि नुसती खरखर देते.

पिन_बदला
देवासरोड, उतरवून घेण्याबद्दल एकमत. न वाजवण्याबद्दल नाही. ती दगडाची भुकटी मुद्दाम घातलेली असते. पहिल्या काही फेऱ्यांत ती पिनेचं टोक घासून खाचेच्या आकाराचं करते, म्हणजे झिजायची असते ती पिन. एक बाजू, एक पिन. वाजवली की फेका. लोकांनी काटकसर म्हणून एकच पिन वीस वेळा वापरली आणि तबकड्यांची चाळण केली, त्याचा दोष यंत्राला देतात. ज्या तबकड्या दुर्मीळ आहेत त्या उतरवून ठेवा. पण सिनेमाची जी गाणी हजारोंनी छापली गेली ती यंत्रावर वाजवायला काय हरकत? स्प्रिंग वर्षानुवर्षं न फिरवता ठेवली तरी यंत्र बिघडतं.

लष्करकर
माझे वडील बाभळीचा काटा लावायचे. आवाज बारीक यायचा पण गोड. बाजारात बांबूच्या सुयाही मिळायच्या, त्या कापायला छोटी कात्री असायची. रात्री शेजारी झोपले की काटा, दिवसा पोलाद, असा घरचा नियम.

मालवी_गराडू
म्हणजे काट्याने काटा काढत नव्हते, काट्याने ठुमरी काढत होते.

देवासरोड
बाभळीच्या काट्याला माझाही विरोध नाही :)

नव्वदीतला_मुलगा
वेगळा प्रश्न. आमच्याकडे याला फोनो म्हणतात, आजी चूडीबाजा म्हणायची, दुकानदार तबकड्यांना तवे म्हणतो. नक्की फोनोग्राफ आणि ग्रामोफोन एकच का?

कमाटीबाग
एक नाही. फोनोग्राफ एडिसनचा, १८७७ चा. त्यात नळकांडं फिरतं, आधी पत्र्याच्या वर्खाचं, पुढे मेणाचं. ते बांगडीसारखं दिसतं म्हणून चूडीबाजा. त्यावर घरच्या घरी आवाज भरताही यायचा. चपट्या तबकडीचा ग्रामोफोन आणला बर्लिनरने, त्याचं पेटंट १८८७ चं. तबकडीचा साचा करून हव्या तेवढ्या छापता येतात, म्हणून ती जिंकली. आपल्याकडे १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक गायसबर्ग कलकत्त्याला आला आणि गाणी भरायला सुरुवात झाली. १९०८ ला कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला. पण नाव मागे राहिलं: चकती आली तरी लोक चूडीबाजाच म्हणत राहिले.

आणि एक गोष्ट मला फार आवडते. तबकडी जिच्यापासून होते ती लाख पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांची. आपल्याच जंगलातली. म्हणजे जंगलातली लाख कारखान्यात गेली आणि गाणं होऊन घरी आली.

शब_ए_मालवा
इंदूर म्हटलं की अमीर खाँ साहेबांचं नाव यायलाच हवं. त्यांचा मारवा आणि दरबारी ऐकायला एल.पी.च हवी, कारण विलंबित गाणाऱ्याला तीन मिनिटांत काय करता येणार? दहा इंची ७८ च्या एका बाजूला सुमारे तीनच मिनिटं बसतात. पण मला उलटंही दिसतं. फैयाज खाँ, अब्दुल करीम खाँ यांनी त्या तीन मिनिटांत राग उभा केला, एकही सूर वाया नाही. अब्दुल करीम खाँची झिंझोटी ऐका, घड्याळ लावून ऐका, आणि मग सांगा वेळ कमी पडला का.

पिगडंबरला लतादीदींच्या नावाचं ग्रामोफोन रेकॉर्डचं संग्रहालय आहे, महूच्या वाटेवर. रामबागवाले, एकदा तिथे जाऊन या. तबकड्या कशा ठेवाव्यात ते तिथे डोळ्यांनी दिसेल.

राजवाडा_ओटला
कुणी किमतीबद्दल बोलत नाही. १७६ तबकड्यांचे किती येतील?

पिन_बदला
बहुतेकांचे फार नाही. सिनेमाच्या तबकड्या बाजारात पोत्याने पडलेल्या आहेत. दुर्मीळ निघतात त्या अनपेक्षित ठिकाणी. आपल्याकडे ७८ च्या तबकड्या साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत निघत होत्या, जगात इतरत्र त्या आधीच बंद झाल्या. त्यामुळे बीटल्सची ७८ ची भारतीय तबकडी जगभरचे संग्राहक शोधतात. आजोबांच्या खोक्यात ती असेल असं वाटत नाही, पण बघून घ्या.

रामबागवाले
बीटल्स नाहीत, बालगंधर्व आहेत. मला चालतील.

मंडळी, इतकं लिहिलंत, मनापासून आभार. आता एक नवीन गोष्ट. दुसऱ्या खोक्याच्या तळाशी आजोबांची वही सापडली. लाल कापडी पुठ्ठ्याची. मला वाटलं हिशोबाची असेल. उघडली तर तबकड्यांची यादी, प्रत्येकीपुढे रकाने: कुणाला दिली, कधी दिली, कधी परत. १९४९ ते १९६३.

अर्ध्या वाड्याची नावं त्यात आहेत. गणपतीत "खालचे मंडळ, ९ तबकड्या, पिना सोबत दिल्या". कुणाच्या मुंजीला सनईच्या दोन. "मास्तरांच्या घरी, बाळंतिणीस ऐकवावयास, भजने ४". एका ठिकाणी "परत आली, बाजू दुसरी ओरखडा, बोललो नाही". एका पानावर नुसतं लिहिलंय, "पिना २००, पुढील महिन्यात आणणे".

मी आतापर्यंत यांना वस्तू समजत होतो. रात्री दोन वाजेपर्यंत वही वाचत बसलो. रामबागेत कोण कुठे राहायचं, कुणाकडे कधी काय झालं, ते मला या वहीतून कळलं. वाडा जातोय, वही आहे.

शब_ए_मालवा
रामबागवाले, ही वही तबकड्यांपेक्षा मोलाची आहे. आधी ती स्कॅन करा. आजच करा.

कमाटीबाग
"बोललो नाही." किती भला माणूस.

देवासरोड
मी माझं मत थोडं बदलतो. ज्या तबकड्या चौदा वर्षं घराघरांतून फिरल्या त्या कपाटात बंद ठेवा असं मी सांगणार नाही. पण आधी उतरवून घ्याच. आणि लिहिलेल्या ओरखड्याची तबकडी वेगळी काढा, ती बघायला मला आवडेल.

सुतारकाम_नेहरूनगर
आता फळीचं बोलू. दहा इंची तबकडी पाकिटासकट सव्वादोनशे ग्रॅम धरा. १६९ तबकड्या म्हणजे ३८ किलो, आणि हे वजन दोन-अडीच फुटांत येतं. काचेच्या शोकेसमध्ये किंवा एमडीएफच्या लांब फळीवर ठेवाल तर दोन वर्षांत फळी झोळीसारखी होईल. पाऊण इंची प्लाय, फळी दोन फुटांपेक्षा लांब नको, मागून भिंतीला आवळलेली. दर सहा इंचांवर उभी पट्टी द्या म्हणजे तबकड्या कलंडणार नाहीत. कललेली तबकडी वाकते, आडव्या थप्पीतली खालची तडकते. म्हणून उभ्याच, ताठ, फार दाबून नाही आणि फार सैलही नाही. बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, पावसाळ्यात ओल येते. वाडा पाडताय तर सागाच्या जुन्या खिडक्या निघतील. त्यातली एक ठेवून घ्या. तिच्या लाकडाचं कपाट करा, मी चित्र काढून देतो. पैसे नकोत.

सुखलियाची_सून
वाड्याच्या खिडकीचं कपाट! रामबागवाले, हे नाकारू नका.

अनघा_वैशालीनगर
आणि भिंतीसाठी: जुनी छापील पाकिटं असतील ना? त्यावर दुकानांची नावं, जाहिराती असतात, इंदूरचीही मिळतील. ती उघडणाऱ्या फ्रेममध्ये लावा, महिन्याला बदला. ऊन टाळून. मी माझ्या बारा तबकड्यांचा हट्ट सोडला.

रामबागवाले
हिने तुमचं उत्तर वाचलं, म्हणाली "त्यांनी सोडला तर मीही सोडते". घरात शांतता आहे.

धुवायच्या कशा ते सांगाल का? एकाने स्पिरिटने पुसा म्हणून सांगितलंय.

पिन_बदला
नाही! स्पिरिट अजिबात नाही. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, पॉलिश करणारे तेच तर करतात. एका पुसण्यात खाच जाईल. डिस्टिल्ड पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने. लेबल झाकून. लगेच साध्या पाण्याने निथळवा, मऊ कापडाने टिपा, ताटांच्या स्टँडवर उभी वाळवा. कडेला थर सुटलेले दिसले तर पाणी लावूच नका, कोलंबिया कंपनीच्या काही तबकड्यांच्या पोटात कागद असतो. जुनी पाकिटं कुजकी असतील तर नवी आम्लरहित कागदाची घ्या, प्लास्टिक नको, त्यात घाम साचतो.

लष्करकर
आणि घरातल्या तरुणांना सांगून ठेवा, एल.पी. या यंत्रावर लावायची नाही. माझ्या पुतण्याने लावली. एका वाजवण्यात खाचेची पांढरी रेघ झाली.

*(सात आठवड्यांनंतर)*

रामबागवाले
कळवायला उशीर झाला. वाडा गेला. त्याबद्दल आत्ता लिहवत नाही.

यंत्र एका वयस्कर कारागिरांनी उघडलं, ग्रीस बदललं, साउंडबॉक्सची गास्केट बदलली. वेग तपासायची युक्ती त्यांनी शिकवली. तबकडीखाली कागदाची चिठ्ठी खोचायची आणि दहा सेकंदांत तेरा फेरे मोजायचे. ७८ चा सहावा भाग. वेग तपासायची ७७ रेघांची चकतीही त्यांनी दिली, वेग बरोबर असला की तिच्या रेघा स्थिर दिसतात, पण ती विजेच्या ठोक्याने लुकलुकणाऱ्या दिव्याखालीच चालते आणि आमचे एलईडी दिवे दाद देत नाहीत. जिन्यातल्या जुन्या ट्यूबलाइटखाली नेऊन पाहिली, रेघा बरोबर स्थिर उभ्या राहिल्या.

कपाट झालं. सुतारकाम दादा स्वतः दोनदा येऊन गेले, त्यांना काय म्हणू मी. खिडकीचे गज तसेच ठेवलेत, मागे तबकड्या. फुटलेल्या सातपैकी पाच भिंतीवर आहेत, ऊन न येणाऱ्या. दोन चिरेच्या वाजतात. ११४ उतरवून झाल्या. देवासरोड, ओरखड्याची सापडली, उतरवलेलं तुम्हाला पाठवलंय.

वहीत एकच नोंद अशी होती की "परत" चा रकाना कोरा. १९५७, "सौ. ने ग्वाल्हेरला नेली", हिराबाईंची तबकडी. लग्नानंतर आजीची माहेरची पहिली खेप. तिला वाचून दाखवलं. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "गाडी बदलताना ट्रंक पडली. दोन तुकडे झाले. माहेरी पोचल्यावर विहिरीत टाकले. यांना सांगितलं तिथेच राहिली." मी म्हटलं, आजोबांना कळलं नाही? ती म्हणाली, "कळलं असेल. म्हणून तर लिहिलं नाही."

कमाटीबाग
माझ्याकडे हिराबाईंच्या पुरातून वाचलेल्या तीन आहेत, लेबल नसलेल्या. क्रमांक पाठवते. वहीत क्रमांक लिहिला असेल तर पडताळून बघा. तीच निघाली तर तुमच्या आजीला पाठवीन.

रामबागवाले
ताई, क्रमांक नाही, फक्त "हिराबाई, भैरवी" लिहिलंय. तुमच्या तीनपैकी एखादी भैरवी आहे का?

कमाटीबाग
एक आहे. लाकडी खोक्यात पॅक करून पाठवते, दोन बाजूंना पुठ्ठा लावून. ट्रंकेत नाही.

पिन_बदला
यंत्रावर पहिल्यांदा कोणती वाजवली ते सांगितलंच नाही तुम्ही. आणि पिन दर बाजूला बदलताय ना?

रामबागवाले
बालगंधर्व. पिन बदलतोय. डबी आजीजवळ असते, एकेक तीच काढून देते, वापरलेली परत मागून घेते.